फिकट हिरवा रंग आणि आपले घर

व्यापारी कुटुंबात घरखर्चाचा विचार करताना भिंतींच्या रंगाचा प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी येतो. दिवाळी तोंडावर आली अथवा घरात मंगलकार्य ठरले, की रंगाऱ्यास बोलावणे जाते, दुकानातून आणलेले रंगांचे पत्रक घाईघाईने चाळले जाते, आणि चार माणसांची चार मते पडून अखेरीस जो रंग कोणासच फारसा नापसंत नाही तो ठरतो. हा रंग पुष्कळदा फिकट हिरवा असतो. कोणी त्यास पिस्ता म्हणतात, कोणी फिका शेवाळी, तर कोणी केळीच्या कोवळ्या सुरळीचा रंग म्हणतात. बहादरपुर-बऱ्हाणपूरच्या परिसरात आणि तापीकाठच्या खानदेशात केळीच्या बागा नित्य दृष्टीसमोर असल्याने ही शेवटची उपमा आपणांस विशेष जवळची वाटावी.

विशेष हे की, फारसा विचार न करता झालेली ही निवड बहुतांशी योग्य ठरते. तथापि ती योग्य का ठरते, कोणत्या खोलीत ठरत नाही, आणि रंगाच्या डब्याइतकाच भिंतीचाही विचार का करावा लागतो, हे समजून घेतल्यास पैसा वाचतो, जुन्या घराची भिंत टिकते आणि घरातील लहान मुलांच्या आरोग्यास असलेला एक खरा धोका टळतो. त्या दृष्टीने या विषयाची थोडी व्यवस्थित मांडणी येथे केली आहे.

तटस्थ रंग म्हणजे काय

पांढरा, करडा, मातकट यांसारख्या ज्या रंगांच्या सान्निध्यात इतर वस्तू स्वतःच्या रंगाने उठून दिसतात, त्यांस तटस्थ रंग म्हणण्याचा प्रघात आहे. हिरवा हा वस्तुतः तटस्थ नाही. पोपटी अथवा गर्द हिरवी भिंत खोलीत शिरताच आपल्याकडे लक्ष वेधून घेते. परंतु त्याच हिरव्यात पुष्कळ पांढरा आणि किंचित करडेपणा मिसळला, म्हणजे त्याचा आग्रह मावळतो. तो भिंतीवर असतो, पण पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम सागवानी कपाटाकडे, पितळेच्या समईकडे, बैठकीच्या पांढऱ्या गादीकडे जाते. भिंतीचे काम पार्श्वभूमी होण्याचे आहे आणि फिकट हिरवा ते चांगले करतो.

हा करडेपणा कोठून येतो हेही जाणणे उपयुक्त आहे. रंगशास्त्रात हिरव्याचा विरोधी रंग तांबडा मानतात. विरोधी रंगाचा लहानसा अंश मिसळला, की मूळ रंगाचा भडकपणा कमी होतो. यास्तव जाणता रंगारी हिरव्यात चिमूटभर गेरू किंवा काजळी घालून तो ‘बसवतो’. दुसरी युक्ती याहूनही स्वस्त आहे. पिवडीत, म्हणजे ज्या पिवळ्या मातीस आपल्याकडे रामरज असेही म्हणतात तिच्यात, थोडी काजळी मिसळली असता तो पिवळा हिरवटपणाकडे झुकतो. पांढऱ्या चुन्यात हे मिश्रण अल्प प्रमाणात घातल्यास हिरवे द्रव्य न वापरताच एक शांत, शेवाळी करडी छटा मिळते. पांढऱ्या चुन्यापाठोपाठ तटस्थ म्हणावी अशी भिंतीसाठी हिच्याइतकी स्वस्त छटा क्वचितच सापडेल.

डोळा आणि हिरवा रंग

हिरवा रंग डोळ्यांस विसावा देतो असे आपण परंपरेने म्हणत आलो. या म्हणण्यास शास्त्राचा काही आधार आहे, पण तो समजतो तितका सरसकट नाही. मानवी डोळ्याची संवेदनशीलता दिवसाच्या प्रकाशात सुमारे ५५५ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरींना सर्वाधिक असते, आणि या लहरी पिवळसर हिरव्या रंगाच्या आहेत. त्यामुळे थोड्या प्रकाशातही हिरवट पृष्ठभाग डोळ्यास उजळ भासतो. शिवाय पांढरी चुन्याची भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे चार-पंचमांश परत फेकते. वैशाखातील दुपारी उघड्या खिडकीसमोर अशी भिंत असली, तर डोळे दिपतात. फिकट हिरवी भिंत याहून कमी, तरीही अर्ध्याहून अधिक प्रकाश परत देते. खोली अंधारत नाही आणि डोळ्यांवरील ताणही उतरतो.

शस्त्रक्रियागृहांतील हिरव्या रंगाचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्रक्रियागृहे भिंतीपासून वस्त्रांपर्यंत पांढरीशुभ्र असत. सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यवैद्य हॅरी शर्मन यांनी १९१४ च्या सुमारास पांढऱ्याऐवजी पालकाच्या भाजीसारख्या हिरव्या रंगाचा पुरस्कार केला. रक्ताच्या तांबड्या रंगाकडे बराच वेळ पाहून दृष्टी पांढऱ्या भिंतीवर टाकली, की तेथे हिरवट आभास तरळू लागतो, आणि पुढे सूक्ष्म काम करताना तो व्यत्यय आणतो. भिंतच हिरवी असली तर हा आभास तिच्यात विरून जातो. म्हणजे तेथे हिरवा आला तो दृष्टीच्या एका निश्चित नियमामुळे. अमुक रंगाने रक्तदाब उतरतो, तमुक रंगाने पचन सुधारते, अशी विधाने मात्र पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावतात. त्यांवर विसंबून रंग निवडू नये.

आणखी एक समजूत येथेच दूर केलेली बरी. फिकट हिरव्या रंगाने खोली थंड दिसते. प्रत्यक्ष तपमान त्याने उतरत नाही. निमाडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा उपयोग होतो तो गच्चीवर दिलेल्या पांढऱ्या चुन्याचा, पश्चिमेच्या खिडकीवरील छज्जाचा आणि वाऱ्याच्या वाटेचा. आतल्या भिंतीचा रंग हा मनास मिळणारा दिलासा आहे, आणि तेवढ्यावरून त्याचे मोल कमी होत नाही.

प्रथम भिंत ओळखावी

आता व्यवहाराकडे वळू. रंग पसंत करण्यापूर्वी भिंत कशाची आहे हे पाहणे आवश्यक आहे. आपल्या जुन्या वस्त्यांतील पुष्कळ घरे विटांची असून त्यांची जुडाई व गिलावा चुन्याचा आहे. चुन्याचे सामर्थ्य बऱ्हाणपूरकरांस वेगळे सांगावयास नको. शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावरील मोगलकालीन नक्षीचे रंग, शतके लोटली तरी, आजही काही ठिकाणी ओळखू येतात.

चुन्याची भिंत ओलावा शोषते आणि वाफेच्या रूपाने तो बाहेर टाकते. जमिनीतून चढलेले अथवा पावसात मुरलेले पाणी असे हळूहळू उडून जाते. पाण्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात, आणि पाणी उडाले की ते मागे राहतात. १६१५ साली अब्दुर्रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत निर्माण झालेला आपला कुंडी भंडारा ज्यांनी आत उतरून पाहिला असेल, त्यांनी भुयाराच्या भिंतींवर साचलेले चुनखडीचे पांढुरके थर पाहिले असतील. जे तेथे शतकानुशतके घडत आले, तेच लहान प्रमाणात आपल्या ओसरीच्या भिंतीवर लोण्याच्या रूपाने दोन पावसाळ्यांत घडते.

अशा भिंतीवर दाट प्लॅस्टिक रंगाचा अथवा तेलरंगाचा लेप चढविला, की ओलाव्याची वाट बंद होते. आत अडकलेले पाणी आणि क्षार रंगाचा पापुद्रा आतून ढकलतात. प्रथम फुगे येतात, मग पोपडे धरतात, आणि त्यांबरोबर जुना गिलावाही सुटू लागतो. दोष रंगाच्या कंपनीस दिला जातो, रंगाऱ्याशी वाद होतो. पुढल्या वर्षी आणखी महाग रंग आणून तीच चूक पुन्हा केली जाते. जुन्या घराची हानी अशी चांगल्या हेतूने आणि स्वतःच्या पैशाने होते.

यास्तव एक सोपी परीक्षा करावी. सुमारे एक फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा पारदर्शक तुकडा भिंतीस चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. काढताना आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले, तर भिंतीत ओल आहे. ती कोठून येते ते शोधून, म्हणजे गळका नळ, तुंबलेले पन्हळ किंवा पायाशी साचणारे पाणी यांचा बंदोबस्त करून मगच रंगास हात घालावा. ओल पूर्णपणे हटणारी नसेल, तर त्या भिंतीस चुन्याचाच रंग द्यावा.

याच कारणाने रंगकामाच्या मुहूर्ताचाही विचार व्हावा. दिवाळीपूर्वी रंग देण्याची रीत आहे, परंतु आश्विनात भिंतींतील पावसाळी ओल पुरती गेलेली नसते. जुन्या घरास तयार रंग द्यावयाचा असल्यास फाल्गुन-चैत्र हा काळ अधिक चांगला. चातुर्मासापूर्वी काम आटोपले, तर आणखी एक लाभ आहे. ओल्या भिंतीवर वर्षाकाळात बुरशी व शेवाळ धरते, आणि ती त्या दिवसांत खरवडणे जीवरक्षेच्या दृष्टीने आपणांस नकोसे असते. कोरडी, नीट राखलेली भिंत हा त्या अडचणीवरील सर्वांत सरळ उपाय होय.

चुन्यातील हिरवी छटा

चुन्याचा रंग आता मागासलेला मानला जातो, पण जुन्या भिंतीसाठी त्याहून योग्य दुसरे थोडेच आहे. कृती साधी आहे. एक किलो चुनकळीस सुमारे पाच लिटर पाणी या प्रमाणात चुना विझवून ते पातळ दूध चोवीस तास ठेवावे व जाड्याभरड्या कापडातून गाळावे. गरम पाण्यात विरघळविलेला डिंक, दर दहा लिटर दुधास सुमारे चाळीस ग्रॅम, त्यात मिसळावा, म्हणजे वाळल्यावर हातास पांढरे लागत नाही. विझताना चुना उकळतो व अंगावर उडाल्यास भाजतो. म्हणून मुलांस दूर ठेवावे आणि काम करणाऱ्याने डोळे जपावेत.

चुन्यात प्रत्येक हिरवे द्रव्य टिकत नाही. चुना तीव्र क्षारधर्मी आहे. प्रशियन निळा आणि पिवळा यांच्या मिश्रणाने केलेले स्वस्त हिरवे रंग त्यात काही काळाने विटतात, कारण त्यांतील निळा क्षारामुळे नष्ट होऊन तपकिरी डाग उरतो. क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, गेरू, पिवडी आणि काजळी ही द्रव्ये मात्र चुन्यात निर्धास्तपणे वापरता येतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्यासही हाच नियम लागू आहे; तो पुरता मुरून सुकेपर्यंत रंगाची घाई करू नये.

पूर्वी चुन्यात थोडे मोरचूद घालून निळसर हिरवी छटा आणीत. आपल्या बागाइतदार मंडळींस हे मिश्रण निराळ्या नावाने परिचित आहे. मोरचूद आणि चुना मिळून होणारे बोर्डो मिश्रण १८८५ साली फ्रान्समध्ये द्राक्षवेलींवरील रोगासाठी पुढे आले आणि आजही पिकांवरील बुरशीसाठी फवारले जाते. भिंतीवरही ते बुरशीस काहीसे आवरते. परंतु मोरचूद विषारी आहे, हे विसरू नये. ते लोखंडी बादलीत कालवू नये, स्वयंपाकाच्या भांड्यास लावू नये; आणि जेथे मुले भिंतीस हात-तोंड लावतात अशा खोलीत क्रोमियम ऑक्साइडचा अथवा पिवडी-काजळीचा मार्गच पत्करावा.

ओला चुना वाळलेल्या चुन्यापेक्षा पुष्कळ गडद दिसतो. म्हणून बादलीतील रंग पाहून निर्णय करू नये. भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागा रंगवून ती पूर्ण वाळल्यावर पाहावी.

आपल्या समाजातील वाचकांस आणखी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. जुन्या कोरड्या डिस्टेंपरमध्ये आणि काही ठिकाणी सफेदीतही बंधक म्हणून सरस घालीत, आणि सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला असतो. डिंकाने तेच काम होते. तसेच रंगाचे अनेक कुंचले डुकराच्या राठ केसांचे असतात. चुन्यासाठी मुंज गवताचा कुंचला आणि तयार रंगासाठी नायलॉनसारख्या कृत्रिम तंतूंचा कुंचला अथवा रोलर सहज मिळतो. रंगाऱ्यास आरंभीच सांगितले, तर यात अधिक खर्च येत नाही.

हिरव्या रंगाचा विषारी वारसा

आज आपण ज्या रंगास शांत व निरुपद्रवी समजतो, त्याचा युरोपातील इतिहास मोठा क्लेशकारक आहे. स्वीडनचा रसायनज्ञ कार्ल शेले याने १७७५ साली तांबे आणि सोमल यांपासून एक तेजस्वी हिरवे द्रव्य तयार केले. १८१४ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे त्याहून मोहक असा पाचूसारखा हिरवा निघाला. त्यातही सोमल होताच. एकोणिसाव्या शतकात हे रंग भिंतींवर डकवावयाच्या कागदांत, वस्त्रांत आणि कृत्रिम फुलांत सर्रास वापरले गेले. ओलसर खोल्यांत त्या कागदांवर बुरशी वाढली की सोमलयुक्त विषारी वायू सुटतो, हे इटालियन शास्त्रज्ञ बार्तोलोमेओ गोसिओ याने १८९० नंतरच्या दशकात प्रयोगाने दाखविले. तोवर अनेक घरांत आजारपणे होऊन गेली होती, आणि त्यांचे कारण भिंतीवर आहे अशी शंकाही पुष्कळांस आली नव्हती.

सोमलाचे दिवस गेले, पण शिशाचा प्रश्न आपल्या घरांत अद्यापि आहे. जुन्या तेलरंगांत पांढरेपणासाठी शिशाचा सफेदा आणि पिवळेपणासाठी शिशाचे क्रोमेट वापरीत. हेच पिवळे क्रोमेट प्रशियन निळ्याशी मिसळून दारे, खिडक्या, कठडे यांचा परिचित हिरवा तेलरंग होत असे. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस ते विशेष घातक असते. त्याची थोडी मात्राही निर्धोक मानली जात नाही. भारत सरकारने घरगुती व सजावटी रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांस ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. याचा अर्थ असा की, त्यापूर्वी रंगविलेल्या दारा-खिडक्यांवरील जुन्या थरांत शिसे असू शकते.

म्हणून जुना तेलरंग काढताना पुढील दक्षता घ्यावी. तो कोरडा घासू नये व दिव्याच्या ज्योतीने जाळू नये. पाणी मारून ओला खरवडावा. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांस त्या दिवसांत घराच्या त्या भागापासून दूर ठेवावे. धान्य, पाण्याची भांडी व अंथरुणे झाकून अथवा हलवून ठेवावीत. पडलेले पोपडे झाडूने उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावेत आणि कचऱ्यात बांधून टाकावेत. अंगणात अगर विहिरीजवळ फेकू नयेत. जुना थर घट्ट असेल, तर तो न काढता त्यावरच नवा रंग देणे अधिक सुरक्षित. खरवडण्याचे काम करणारा रंगारी ती धूळ दिवसभर श्वासावाटे घेत असतो. त्याच्या नाका-तोंडास बांधावयास योग्य मुखपट्टी देणे हा मालकाच्या कर्तव्याचा भाग होय.

तयार रंग घेताना

गिलावा सिमेंटचा व भिंत कोरडी असेल, तर तयार पाणरंग वापरण्यास हरकत नाही. भारतीय रंगव्यवसायाची वाढ हीही आपणां व्यापाऱ्यांस मननीय आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, परदेशी रंगांची आवक थांबली असता, १९४२ साली मुंबईत चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघांनी एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्सचा आरंभ केला. मोठ्या शहरांतील प्रस्थापित घाऊक व्यापाऱ्यांवर न विसंबता लहान गावांतील दुकानदारापर्यंत लहान डबे पोहोचविण्याचे धोरण त्यांनी ठेवले. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी रेखाटलेला, हातात कुंचला घेतलेला ‘गट्टू’ त्यानंतर कित्येक दशके दुकानांच्या पाट्यांवर झळकत होता. लहान गावातील घरांस चुन्याव्यतिरिक्त निवड मिळाली, ती बरीचशी अशा प्रयत्नांतून.

आज यंत्राद्वारे हव्या त्या छटेचा रंग क्षणात मिळतो, आणि त्यामुळेच निवड अधिक अवघड झाली आहे. पत्रकावरील बोटभर चौकोन आणि चार भिंतींची खोली यांत मोठे अंतर असते. भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात, त्यामुळे रंग पत्रकापेक्षा गडद व भडक भासतो. म्हणून जी छटा आवडली, तिच्याहून एक पायरी फिकी घ्यावी. प्रथम लहान डबा आणून समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन फूट लांब-रुंद नमुने रंगवावेत आणि ते सकाळी, दुपारी व दिव्याच्या प्रकाशात पाहावेत. पिवळसर प्रकाशाच्या दिव्याखाली निळसर हिरवा मळकट व करडा दिसतो, तर पिवळसर हिरवा उबदार दिसतो. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली हाच अनुभव उलट येतो.

खर्चाचा अंदाज स्वतः काढता यावा. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच खोलीचा घेर ४४ फूट, म्हणून भिंतींचे क्षेत्र ४४० चौरस फूट. एक दार सुमारे २१ आणि दोन खिडक्या सुमारे ३२ चौरस फूट वजा केल्या, म्हणजे ३८७ उरतात. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर पाणरंग दोन हातांस मिळून साधारणतः १२० ते १४० चौरस फूट पुरतो. यावरून सुमारे तीन लिटर लागतील. खडबडीत भिंतीस अधिक. हा आकडा हाताशी असला, की जास्त डबे आणून उरलेला रंग माळ्यावर सुकत पडत नाही.

घरात कोठे व कसा

छत पांढरेच ठेवावे. हिरवे छत चेहऱ्यांवर निस्तेज छाया पाडते. याच कारणाने आरशाच्या व जेवणाच्या जागेजवळील हिरवा फारच फिका अथवा पिवळसर अंगाचा असावा. उत्तरेकडील खोलीस प्रकाश निळसर व थंड मिळतो. तेथे पिवळसर हिरवा शोभतो. पश्चिमेकडील तापणाऱ्या खोलीस करडा हिरवा बरा. शहाबादी अथवा कोटा फरशी स्वतःच करडी-हिरवट असल्याने तिच्याशी तो सहज जुळतो. लाल कोब्याच्या जमिनीची तांबूस झाक भिंतीच्या खालच्या भागावर पडते व तेथील हिरवा मंदावतो. त्यात वाईट काही नाही, परंतु तेथे छटा किंचित स्पष्ट घ्यावी. सागवानी दारे असतील, तर त्यांवर रंग चढवू नये. तेल-पॉलिश केलेले लाकूड फिकट हिरव्याशेजारी खुलून दिसते. पडदे पांढरे किंवा कोऱ्या सुताच्या रंगाचे ठेवावेत. आपल्याच गावच्या मागांवरील साधे सुती कापड या कामास पुरेसे आहे.

पेढीवर व दुकानात

आता एक इशारा. आपल्यापैकी अनेकांचे घर वर आणि पेढी खाली असते, आणि घरास रंग लागला की तोच उरलेला रंग पेढीस लावण्याचा मोह होतो. हिशेबाच्या खोलीपुरते ते ठीक आहे. जेथे कापड, सोने किंवा धान्य रंगावरून पारखले जाते, तेथे मात्र हिरवी भिंत नको.

याचे कारण एका फ्रेंच रसायनज्ञाने दाखवून दिले. मिशेल शेव्रल हे १८२४ साली पॅरिसच्या गोबलें येथील सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचे प्रमुख झाले. तेथील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. तपासाअंती त्यांस आढळले की काळ्या रंगात दोष नाही. शेजारच्या रंगांमुळे तो तसा भासतो. प्रत्येक रंग शेजारच्या रंगास आपल्या विरोधी रंगाकडे ढकलतो, हा नियम त्यांनी १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. हिरव्या पार्श्वभूमीवर तांबडी साडी आहे त्याहून अधिक तांबडी भासते. उलट दुकानातील प्रकाशच हिरव्या भिंतींवरून परतून आला, तर तिचा तांबडा मंद होतो. दोन्ही प्रकारे ग्राहकास जे दिसते, ते घरी गेल्यावर दिसत नाही.

सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये याने बऱ्हाणपूरचे तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान व पोलंडपर्यंत जात असल्याचे लिहून ठेवले आहे. अशा नगरीतील कापडव्यापाऱ्याने भिंतीमुळे आपल्या मालाविषयी ग्राहकाची दिशाभूल होऊ देणे उचित नव्हे. ती अजाणता झाली तरी परत आलेला माल आणि दुरावलेला ग्राहक हे नुकसान खरेच असते. दुकानाच्या भिंती पांढऱ्या किंवा निव्वळ करड्या ठेवाव्यात, रंग यथार्थ दाखविणारे दिवे लावावेत, आणि शंका आल्यास ठाण दारात नेऊन दिवसाच्या उजेडात दाखवावे.

सारांश, फिकट हिरवा हा घरासाठी उत्तम सोबती आहे. कारण तो प्रकाश देतो, डोळे दिपवीत नाही, आणि घरातील माणसांस व वस्तूंस पुढे करून स्वतः मागे राहतो. मात्र भिंत कोरडी, द्रव्य निर्विष आणि जागा योग्य असावी. या वर्षी ज्यांच्या घरी रंगकाम निघणार असेल, त्यांनी रंगांचे पत्रक उघडण्यापूर्वी भिंतीवर हात फिरवून पाहावा, जुन्या दारा-खिडक्यांवरील रंगाचे वय घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे, आणि मगच रंगाऱ्यास बोलावणे पाठवावे.